मामांचा हरभरा आणि माझं शेवाळ

मी नेमकं काय काम करते, हे माझ्या मामांना आजवर कळलेलं नाही. "आमची भाची इमानातून शेतं मोजती," असं ते गावभर सांगतात. मामा, विमान नाही हो, उपग्रह; आणि मोजत नाही, कुठल्या तुकड्यात ज्वारी, कुठं ऊस, कुठं पडीक हे गणितानं ओळखते, असं मी त्यांना कितीदा तरी सांगितलं. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं. "मग इचारायचं की लोकांला! शेतकरी मेले का काय समदे?"

आमचा गट धाराशिव जिल्ह्यातल्या जमिनीचा नकाशा करत होता. उपग्रहाची चित्रं घ्यायची, संगणकाला काही शेतं दाखवून शिकवायचं, मग बाकीची त्यानं ओळखायची. सगळं सुरळीत चालायचं, पण धरणापाशी आलं की गणित अडखळायचं. धरणाच्या हद्दीत हिवाळ्यात हिरवे तुकडे दिसायचे आणि संगणक त्यांना कधी गहू म्हणायचा, कधी गवत. आता पाण्यात कुठला आलाय गहू! मी वैतागून एक नियमच लिहिला: धरणाच्या हद्दीत जे हिरवं, ते शेवाळ. एका ओळीत घोळ मिटला. आमच्या सरांनी भर बैठकीत माझं कौतुक केलं आणि आठवडाभर मी कुणाशी सरळ बोलले नाही, एवढी शिंगं फुटली होती मला.

तो नकाशा तालुक्याच्या एका समितीकडे गेला. मामांच्या गावाजवळच्या धरणातला गाळ काढायचा होता. जिथं शेवाळ माजलंय तिथून सुरुवात करायची, असं नकाशा बघून ठरलं. संक्रांत झाली की खोदायची यंत्रं लागणार होती.

संक्रांतीच्या आधी येळवस आली. कागदोपत्री तिला वेळ अमावस्या म्हणतात, पण आमच्याकडे तसं म्हणणारा माणूस पाहुणाच असणार. त्या दिवशी लोहाऱ्यासारख्या तालुक्याच्या गावातही चहा मिळायची मारामार. सगळी माणसं आपापल्या रानात, कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, करून तिच्यापुढं मिसळ भाज्यांच्या भज्जीचं आणि आंबिलीचं जेवण. मी मामांच्या गावात जीपमधून उतरले, तर मामी डोक्यावर आंबिलीचा बिंदगा घेऊन निघालेल्याच. मी गावाजवळच्या शेताकडं वळले.

"तिकडं कुठं जायलीस?" मामी म्हणाल्या. "कोप खाली हाय, धरणात."

कप्पाळ माझं! मला हे माहीत नव्हतं असं नाही. पाणी मागं सरकलं की काठावरची माणसं ओल्या गाळात हरभरा टाकतात. त्याला गाळपेर म्हणतात. त्याच हरभऱ्याचे ढाळे भाजून खात मी मोठी झाले. पण संगणकापुढं बसले की मला धरण म्हणजे नुसती निळी रेघ दिसायची.

खाली उतरून बघते तर गुडघ्याला लागेल असा हरभरा, नुकता फुलावर आलेला, आणि मधोमध कोप. मी फोनवर माझा नकाशा उघडला. मी शेवाळात उभी होते.

जेवायला बसल्यावर मामांना सांगून टाकलं. ते हातातली भाकरी ताटात ठेवून हसायला लागले. "आरं, ऐकलं का समद्यांनी! आपुन शेवाळात जेवायलोत!" झालं, सगळी पंगत माझ्यावर तुटून पडली. मामींनी भज्जी वाढताना विचारलं, "बघ गं, बेडूकबिडूक आला न्हाय ना?" मीही हसले, कारण पुढचं सांगायचं धाडस होत नव्हतं. शेवटी यंत्रांचं सांगितलं.

"कवा?" मामांनी विचारलं.

"संक्रांत झाली की."

"हरभरा निघायला शिवरात्र लागंल," ते म्हणाले आणि खाली बघून जेवू लागले. मामींनी माझ्या ताटात आणखी भज्जी वाढली. त्यापेक्षा शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

जेवण झाल्यावर रानाला फेरी मारून आंबील शिंपडायची असते. मामा पुढं, मी मागं. चालता चालता एका जागी त्यांनी पाय गुडघ्याएवढा उचलून पलीकडं टाकला. मला वाटलं साप!

"काय झालं?"

"बांध हाय."

बांध कसला, सपाट गाळ होता. मामा म्हणाले, "धरणाखाली गेलेलं आपलंच रान हाय हे. पाणी हटलं की ज्यानं त्यानं आपल्याच जाग्यावर पेरायचं. ज्याला त्याला ठावं असतंय." थोडं पुढं जाऊन त्यांनी मोकळ्या जागेला उगाच वळसा घातला. तिथं विहीर होती म्हणे.

"पण आता बुजली की ती!"

"म्हणून काय हिरीवरून चालायचं व्हय?"

मी फोन काढला आणि मामा जिथं वळतील तिथं जागेची नोंद करत त्यांच्या मागं पळू लागले. आता त्यांना पुन्हा चेव आला. "बघा, म्हाताऱ्याच्या मागं कशी पळायली! इमान बिघडलं व्हय गं?"

नियम चुकला, तिथं जुन्या बांधांप्रमाणे पेरलेला हरभरा आहे, असं सरांना कळवलं. त्यांना ते पटेना. "मामांच्या पायांवरून नकाशा बदलायचा म्हणता?" पण माणूस खरा. धरणाच्या आधीचा गावाचा जुना नकाशा त्यांनीच मिळवला आणि माझ्या नोंदी त्यावर टाकल्या. बांधाला बांध लागला. एका कोपऱ्यात चार पावलांचा फरक निघाला, तो फोनचा असणार, असं सर स्वतः म्हणाले. माझी ती लाडकी ओळ मी माझ्या हातानं पुसली. सरांनी समितीला पत्र लिहिलं, आणि हरभरा निघेपर्यंत त्या पट्ट्याला हात लावायचा नाही, असं ठरलं. मी मामांना फोन करून अशी काही बातमी दिली की जणू धरण मीच बांधलं होतं!

शिवरात्रीनंतर काढणीला गेले. शेवटचं पोतं भरून झालं. मामा त्याचं तोंड शिवत होते. मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले, "वाचलं बघा मामा तुमचं रान."

"रान कुठलं वाचतंय, बाय. गाळ काढला की धरण खोल व्हणार. मग हितलं पाणी उन्हाळ्यातबी हटायचं न्हाय. ही शेवटचीच पेर."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. इतकी वर्षं गणित करून एवढं साधं गणित आलं नाही. "मग तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलं? मी भांडले असते!"

"कुणासंगं भांडणार? लोकांला पाणी नगं व्हय?" त्यांनी दोरा दातानं तोडला. "धरण भरलं त्या साली पाऊस लई झाला. पाणी असं झपाट्यानं चढलं की उभी ज्वारी गेली. तुझा आजा काठावर बसून कणसं बुडताना बघत व्हता. मरस्तोवर त्याला रानाचं न्हाय, त्या पिकाचं वाईट वाटायचं. औंदा म्या हरभऱ्याचा एक घाटाबी पाण्याला सोडला न्हाय."

मला रडूच कोसळलं.

"आता रडून आनखी पाणी वाढवू नगंस," मामा म्हणाले. "पोतं धर तिकडून."