पोरीची खाट

मला भांडखोर म्हणणारी माणसं आता बरीचशी वर गेली, उरली ती बहिरी झाली. त्यांचं म्हणणं मात्र खोटं नव्हतं, एवढं मी लिहून ठेवते. लग्नानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत मी एकदाच भांडले, पण असं भांडले की कळसाडीच्या, म्हणजे माझ्या सासरगावच्या, बायांना पाणी भरताना महिनाभर दुसरा विषय नव्हता. भांडण होतं अडीच हात लांबीच्या एका खाटेचं.

गोष्ट स्वातंत्र्याच्या दहा-बारा वर्षं आधीची. माझी पहिली मुलगी तेव्हा अडीच वर्षांची होती. तिचा पाळणा माझ्या माहेराहून, लोणखेड्याहून, बैलगाडीतून आलेला. सागवानी, चारी कोपऱ्यांना लाकडी पोपट. पोरीचे पाय आता त्या पोपटांना लागायचे. एक दिवस ती पाळण्यात उभी राहिली, वाकून खाली बघायला लागली आणि डोक्यावर आपटली. कपाळाला खोक पडली. हळद दाबून रक्त थांबवलं आणि मी त्याच दिवशी ठरवलं की पाळणा संपला.

सासूबाईंचंही तेच मत पडलं, पण कारण वेगळं. पाळणा आता नातवासाठी मोकळा ठेवायचा. नातू पोटातसुद्धा नव्हता. "पोरले तुन्हाजोडे खाले जपाड," म्हणाल्या. म्हणजे तुझ्याजवळ खाली झोपव.

खाली म्हणजे शेणाने सारवलेल्या जमिनीवर. आमच्या घरात खाटा दोनच, ओसरीतली सासऱ्यांची आणि अंगणातली पोरीच्या वडिलांची. बाया सगळ्या जमिनीवर. सासूबाई साठीला आलेल्या, गुडघ्यावर हात दाबून उठायच्या, पण त्याही जमिनीवरच. सासऱ्यांसमोर सुनेने खाटेवर टेकायचं नाही, आणि ते आले की जिथे असेल तिथून उठून, पदर पुढे ओढून उभं राहायचं. त्यांच्याशी बोलायचं तर नाहीच. फारच अडलं तर लेकराला मध्ये घालायचं: आबाला सांग, अमुक झालं. त्यांनीही तसंच: तुझ्या मायला सांग, तमुक कर.

मी जन्मभर जमिनीवरच झोपत आले होते. मला त्याचं काही वाटत नव्हतं. पण चैत्र लागला आणि विंचू निघायला लागले. तिसऱ्या दिवशी सकाळी गोधडी घडी करताना पोरीच्या उशाखालून एक निघाला, काळा, बोटाएवढा. मागच्या उन्हाळ्यात आमच्याच गल्लीतलं एक लेकरू विंचवाने गेलं होतं. मी वहाणेने तो ठेचला आणि ठेचून झाल्यावरही ठेचत राहिले.

आता गोठ्याच्या आढ्याला एक छोटी खाट टांगलेली होती. पोरीच्या वडिलांची, त्यांच्या लहानपणीची. ते पाळण्यातून निघाले तेव्हा सासऱ्यांनी सुताराला बसवून करून घेतलेली. मी आधी पोरीच्या वडिलांना विचारलं. माणूस फार चांगला. इतका चांगला की त्याने कुणाला म्हणून दुखवलं नाही, मग माझा जीव जावो. "मायले विचार," म्हणाले.

मी मायला विचारलं. सासूबाई ज्वारी पाखडत होत्या. सूप थांबलं नाही.

"ती नातूनी खाट शे. नातू येई तव्हय उतारसूत."

"नातू येई तव्हय येई," मी म्हणाले. "नात तर उनी शे ना." आलेलीच होती ती, अडीच वर्षांची.

"पोरनी जात शे ती. आतेपासून खाटवर जपाडशी, तर उद्या सासरी काय करी? अंथरूण देखीसन पाय पसरो."

ही म्हण मी जन्मल्यापासून ऐकत आले आहे. अंथरूण बघून पाय पसरायचे, ठीक. पण पोरीचे पाय बघून अंथरूण कुणी पसरायचं, ते कोणतीच म्हण सांगत नाही. मी तिथून उठले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, बाप्ये मळ्यात आणि सासूबाई भावकीत बसायला गेल्यावर, गव्हाणीवर पाय देऊन ती खाट उतरवली.

खाटेचे पाय, म्हणजे खुरं, मजबूत होती, पण दोर कुजलेला. हात लावला की भुगा. त्यात चिमणीचं जुनं घरटं. घरात अंबाडीचा वाख होता, त्याचा दोर मी वळला. खाट विणणं हे आमच्याकडे बाप्यांचं काम. बायांनी गोधड्या शिवाव्यात, वाती वळाव्यात, खाटेच्या दोराला हात लावू नये. का, ते कुणाला माहीत नव्हतं. माझा बाप खाट विणायचा तेव्हा दोराचं दुसरं टोक धरायला मला बसवायचा, त्यामुळे हात कसा फिरतो ते मी बघितलं होतं. बघणं वेगळं आणि करणं वेगळं. पहिल्यांदा विणली ती मधोमध पोत्यासारखी लोंबली. सासूबाई बघून हसल्या आणि गेल्या. मी सगळी उसवली. तिसऱ्या दुपारी ती ताठ झाली. बोटांची सालं निघाली होती, भाकरी थापताना चरचरायचं. तरी मला इतका आनंद झाला होता की मी ती खाट उचलून माजघरात आणताना दारात मुद्दाम आपटली. ऐकू जावं म्हणून.

संध्याकाळी सासरे मळ्यातून आले, तेव्हा खाट माजघरात आणि पोर खाटेवर. ते ओसरीत बसले. पोरीला जवळ बोलावलं.

"बाई, तुन्ही मायले सांग, खाट जठे व्हती तठे टांगी दे."

पोर धावत आत आली आणि म्हणाली, "आबा सांगस, खाट टांग."

मी चुलीपुढे. ओसरीतलं मला सगळं ऐकू आलंच होतं. मी पोरीला जवळ घेतलं आणि चांगलं लांबलचक, आदबीचं उत्तर शिकवलं. आबाले सांग, घरमा इच्चू निंघतस. पोर धाकली शे. नातू उना म्हणजे खाट त्याले देसूत, तवपावत पोरले जपू द्या. दोनदा म्हणून घेतलं. पोरीने मान हलवली आणि धावत गेली.

ओसरीत जाऊन ती म्हणाली, "माय सांगस, नही."

बस. एवढंच. सगळं गाळून एक 'नही' नेऊन ठेवलं तिने सासऱ्यांपुढे. मी भाकरी तव्यावरच विसरले. मग सासऱ्यांनी तंबाखूची चंची सोडल्याचं ऐकू आलं. रात्री जेवले, उठले, झोपले. आधी मला पोरीचा राग आला. नंतर वाटलं, बरं झालं. नातू आला की खाट देऊ, हे मी भीतीपोटी घातलं होतं. नेमकं तेच तिने गाळलं.

सासूबाईंनी मात्र माझ्याशी बोलणं टाकलं. तेवढीच मला विश्रांती.

पण खरी फजिती पुढेच होती. पोर खाटेवर झोपेना. निजवली की पाच मिनिटांत पाय खाली, आणि गोधडीवर माझ्या कुशीत. उचलून ठेवली की पुन्हा खाली. चार रात्री हेच. जिच्यासाठी घराशी वैर घेतलं तिलाच खाट नको, आणि खाली विंचू. पाचव्या सकाळी सासूबाईंनी मौन सोडलं, ते एवढं बोलण्यापुरतं: "देख. पोरलेच नको शे."

मला ते फार लागलं. तरी मी खाट हलवली नाही. दुपारची झोप जिथे लागते तिथे रात्रीची लागते, हे माझी आई सांगायची. म्हणून मी दुपारी तिला खाटेवर निजवून, खाटेच्याच कडेवर टेकून, पाठीवर हात ठेवून बसायला लागले. हात काढला की डोळे उघडायचे. आणि नेमके त्याच वेळी सासरे मोट सोडून मळ्यातून घरी यायचे. अंगणात खाकरायचे. मी ताडकन उठायची, पदर ओढायची, माठातून पाणी काढून तांब्या उंबऱ्याशी ठेवायची. तेवढ्यात पोर जागी होऊन खाली. असं तीन दुपारी झालं. दोर मी नवा विणला, पण खाकरणं ऐकून उठायची ती मी जुनीच होते. तिसऱ्या दिवशी मला माझीच चीड आली.

चौथ्या दुपारी पोरीचा श्वास नुकताच लांब झाला होता. अंगणात खाकरणं ऐकू आलं. माझे पाय उठायला निघाले, खरंच निघाले. मी ते जमिनीला दाबून धरले. पदर पुढे ओढला, हात पोरीच्या पाठीवरच ठेवला.

मी उठले नाही.

सासरे माजघराच्या दारात आले. पदराखालून मला त्यांचे पायच दिसत होते, घोट्यापर्यंत मळ्याचा चिखल. ते पाय थांबले. सून खाटेवर बसलेली आहे आणि सासरा उभा आहे, असं त्या घरात कधी झालं नव्हतं. ते पुन्हा खाकरले. त्यांनाही काही सांगायचं असणार, पण सांगणार कुणामार्फत? पोर झोपली होती. मागून सासूबाई आल्या, त्यांच्या बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. आता उठले तर जन्मभर उठत राहणार, एवढं मला कळत होतं. माझ्यामागे माझी पोरही उठणार, हेही कळत होतं.

सासऱ्यांशी मी पाच वर्षांत एक शब्द बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले.

"आबा, पोर जपेल शे. पानी माठमा शे, लई ल्या." पोर झोपली आहे, पाणी तुमचं तुम्ही घ्या, एवढंच.

पाय बराच वेळ तिथेच होते. मग ते वळले, आणि माठावरचं झाकण उचलल्याचा आवाज आला.