कॉर्टेजमागून चालणारे डॉक्टर

"ताई, कॉर्टेज कुठून जाणार आहे?"

फोनवर नमस्कार-चमत्कार न करता ते थेट एवढंच विचारत. मी आयर्लंडच्या मेयो परगण्यातल्या एका साप्ताहिकात निधनवार्तांचं पान लावते. ते इथल्या गावातल्या रुग्णालयात वृद्धांच्या वॉर्डाचे डॉक्टर होते, मूळचे नागपूरचे. दक्षिणेकडच्या ट्रली गावी बदलून गेले त्याला आता दोन वर्षं झाली.

पहिल्या फोनवर त्यांनी शब्दाचा अर्थ विचारला होता. शब्दकोशात 'समारंभाची मिरवणूक' असं दिलंय, राजाचा लवाजमाही त्यात बसतो, पण इथं तो शवयात्रेसाठीच वापरतात, असं मी सांगितलं.

"मिरवणूकच की," ते म्हणाले. "फक्त घाई कुणालाच नाही."

तुम्ही इकडे राहत असाल तर पाहिलं असेल. भर दुपारी दिवे लावलेल्या गाड्या धुक्यातून माणसाच्या चालीनं येतात. गेलेल्या माणसाच्या दारापुढे क्षणभर थांबतात. समोरून येणारा अनोळखी माणूसही वळतो, त्यांच्याबरोबर काही पावलं चालतो आणि मग आपल्या वाटेला लागतो. ही रीत डॉक्टरांना एका आजीबाईंनी वॉर्डात शिकवली. त्या गेल्या तेव्हा ते पहिल्यांदा चालले. पुढे आपला पेशंट गेला की जेवणाच्या सुट्टीत, "चार पावलं जाऊन येतो," असं सांगून निघत आणि अर्ध्या तासानं ओल्या बुटांनी परतत. वॉर्डातली मल्याळी सिस्टर विचारायची, नागपुरात चार म्हणजे चारशे का?

एका नोव्हेंबरात त्यांचा फोन आला. या वेळी रस्ता न विचारता ते तुटक तुटक सांगू लागले. एका निवृत्त पोस्टमनची मुलगी आठवडाभर वडिलांच्या खाटेशेजारी खुर्चीत बसून होती. तिला त्यांनी दुपारी घरी झोपायला पाठवलं. आज काही होत नाही, असं म्हणाले. ती घरी पोचायच्या आत वडील गेले. परतल्यावर ती त्यांना एकच वाक्य बोलली: "तुम्ही मला जायला सांगितलंत."

"मी जावं का, ताई? मी समोर दिसलेलं तिला सोसेल?"

मी वेळ आणि रस्ता सांगितला.

त्या दिवशी मीही गेले. चर्चपासून दफनभूमीपर्यंत शवपेटी खांद्यावरून नेतात. सहा-सहा जण, सारख्या उंचीच्या जोड्या लावून, पाळीपाळीनं. डॉक्टर सगळ्यांच्या मागे होते, शेवटच्या माणसापासूनही दहा पावलं दूर. धुकं इतकं दाट होतं की मधूनच ते दिसेनासे होत.

पोस्ट ऑफिससमोर सगळे थांबले, खांदेकरी बदलायची वेळ झाली. मुलीनं मागे वळून पाहिलं आणि ती गर्दीतून उलट दिशेनं त्यांच्याकडे चालत आली. लोक बाजूला झाले. डॉक्टरांनी मान खाली घातली.

"एक पाळी तुमची," ती म्हणाली.

आपण बुटके आहोत, खांदा पुरायचा नाही, असं काहीतरी ते पुटपुटले. तिनं गळ्यातला मफलर काढला, चार घड्या घातल्या, त्यांच्या डाव्या खांद्यावर ठेवला आणि तळव्यानं दाबून बसवला.

पेटी त्यावर टेकली. शेजारच्या उंच माणसानं गुडघे किंचित वाकवले. सहा जणांची पावलं जुळली आणि ती उघड्या गळ्यानं त्यांच्यामागून चालू लागली.