मामांचे भोपळे आणि गावाचा हौद

साऱ्या निजामी मुलखात पाण्याशी जन्मभराचा दावा मांडलेला माणूस एकच, आणि तो आमच्या नांदेडात होता: माझ्या आत्याचे यजमान. आम्ही त्यांना मामा म्हणत असू. पेशानं वकील, पण कोर्टात जातानाही खांद्यावर वाळक्या भोपळ्यांची जोडी लटकत असे, पोहायला शिकणाऱ्याच्या कमरेला बांधतात तसली. लग्नात लोक भांडी देत, मामा भोपळे देत. आत्यानं मोठ्या मिनतवारीनं भाचीसाठी उमरीचं स्थळ आणलं, तर यांनी घरदार, शेती काही न विचारता नवऱ्या मुलाला सरळ विचारलं, "पव्हता येतं का?" येत नव्हतं. मामांनी त्याला भर बैठकीत सतरंजीवर पालथा घालून हातपाय मारायला लावले. लग्न झालं, पण व्याही पुन्हा कधी आमच्या ओसरीवर टेकले नाहीत.

लोक हसत. मामांचा थोरला मुलगा गोदावरीच्या डोहात बुडाला होता, हे त्या हसणाऱ्यांनाही ठाऊक होतं. गावातल्या प्रत्येक पोराला पोहता आलं पाहिजे, त्यासाठी एक हौद हवा, एवढंच मामांचं मागणं. त्यांनी तालुकदारसाहेबांचा असा पिच्छा पुरवला की साहेब कचेरीच्या मागच्या दारानं निघू लागले. एकदा तिथंही भोपळ्यांसह मामा उभे दिसले, तेव्हा साहेबांनी हात टेकले. "बस करो वकीलसाब, बंधवा देतूँ तुमारा हौज!"

हौद बांधून झाला, इंजिनानं नदीचं पाणी चढलं, आणि पहिल्याच दिवशी मामांनी गावकुसाबाहेरच्या पोरांनाही भोपळे बांधून आत सोडलं. गाव खवळलं. शहाण्यासुरत्यांनी तोडगा काढला: ती पोरं पोहली की हौद पुरा रिता करायचा, नव्यानं भरायचा, मगच बाकीच्यांनी उतरायचं. ते बाटलेलं पाणी पाटानं खालच्या पेरूच्या बागेत जाई. मामा भरबाजारात लोकांना अडवत. "का हो सावकार, पाणी बाटतंय अन् पेरू न्हाई बाटत?" पेरू फार गोड होते, त्यामुळे सावकार खात राहत. मला त्या गावाचा तेव्हाही संताप येई, आजही येतो.

रोज भरायचं आणि रोज ओतून द्यायचं, हे इंजिनाला झेपलं नाही. उन्हाळ्यात हौद कोरडा पडला. साहेबांची बदली झाली, नव्या साहेबांनी त्यात घोड्यांचं गवत भरलं. कुणाला काही वाटलं नाही. पोरं पुन्हा नदीकडे वळली.

वकिली सोडून मामा मग घाटावर बसू लागले. कुणी पाण्यात पाऊल टाकलं की ओरडत, "खोल हाय रे, माघारी ये!" लोक म्हणत, वकिलाचं डोकं फिरलं. एका संध्याकाळी घाटावर चिटपाखरू नव्हतं, तरी मामा तसेच ओरडत होते. आत्यानं त्यांच्या खांद्यावरचे भोपळे काढून आपल्या खांद्यावर घेतले आणि त्यांचा हात धरला.

"आला हो तो माघारी," ती म्हणाली. "चला आता घरी."