शिट्टीवर शिजलेली हळद

चोवीस वर्षांच्या सैनिकी नोकरीत माझे वडील एकही चौकी हरले नाहीत. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात मात्र त्यांची जवळजवळ सारी हळद गारद झाली. शत्रू घरचाच होता. मी!

नव्वदीचे दशक सरताना बाबा सुभेदार म्हणून निवृत्त होऊन कुरुंद्याला परतले. वर्षातून दोनदा सुट्टीवर येणाऱ्या या माणसाला गाव ‘पाहुणे’ म्हणे. (आईसुद्धा त्यांना चहा नक्षीच्या कपातून देई, हे अधिक क्लेशदायक.) स्वतः लावलेली हळद स्वतः शिजवून बाजारात न्यायची आणि गावात शेतकरी म्हणून एकदाचे रुजू व्हायचे, एवढीच आता त्यांची इच्छा होती.

हळद शिजवण्यात गावात शब्बीरचाचांचा हात धरणारे कुणी नव्हते, म्हणून बाबांनी त्यांनाच बोलावले. कढईतल्या कंदात काडी टोचायची. ती सहज आरपार गेली की माल बाहेर! मी तेव्हा हिंगोलीला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. मला ही पद्धत अपमानास्पद वाटली.

पहिल्या कढईला मी घड्याळ लावले. चाचांची काडी आरपार गेली तेव्हा सत्तर मिनिटे झाली होती.

“बाबा, आता काडी नको. दर कढईला सत्तर मिनिटं!”

बाबांचा चेहरा उजळला. घरात प्रथमच कुणीतरी त्यांना समजेल अशा भाषेत बोलले होते. त्यांनी पलटणीतली शिट्टी काढली.

दुसरी कढई. चाळिसाव्या मिनिटाला चाचा अस्वस्थ.

“सुभेदारसाब, काढा आता. वास सुटला.”

“अजून तीस मिनिटं हायेत, चाचा.”

“हळद काय तुमची पलटण हाय व्हय, शिट्टीची वाट पाहाया?”

“माझी पोरगी सायन्सला हाय!”

“मंग पोरीलाच शिजवू द्या. आमी चाललो.” (आणि खरोखरच गेले!)

उरलेल्या कढयाही बाबांनी शिट्टीवरच उतरवल्या. सेकंदाचाही फरक नाही! संध्याकाळी आईने एक कंद उचलला. तो तिच्या चिमटीत उकडलेल्या बटाट्यासारखा चेपला.

“काहून गं एवढा लगदा झाला?”

कारण मला त्या क्षणी उमगले. पहिल्या कढईतले पाणी थंड होते. पुढच्या प्रत्येक वेळी आम्ही त्याच उकळत्या पाण्यात नवा माल टाकला होता. सुरुवातीचे तापमान मी हिशेबातच धरले नव्हते. आणि उष्णतेच्या प्रकरणात वर्गात पहिली मीच आले होते!

वाळल्यावर हळद काळवंडली, सुरकुतली. हिंगोलीच्या बाजारात व्यापाऱ्याने एक हळकुंड मोडून पाहिले.

“सुभेदारसाब, कुणी शिजवलं हे?”

मी तोंड उघडले. त्याआधीच बाबा ताठ उभे राहिले.

“हुकूम माझा होता.”

पुढच्या वर्षी त्यांनी रान बटाईने दुसऱ्याला कसायला दिले. मग ते ओट्यावर बसून पेपर वाचत, आणि चहा शेवटपर्यंत त्याच नक्षीच्या कपातून पीत.

काही वर्षांनी बाबा गेले. भेटायला आलेले शेजारचे काका हळहळले, “माणूस लाखात एक. पण शेतीतलं काई कळत नव्हतं बिचाऱ्याला. न्हाई का गं?”

एव्हाना मी एम.एस्सी. झाले होते, विशेष प्रावीण्यासह. चूक कुणाची, हे मी समीकरणासह सिद्ध करू शकले असते.

मी म्हणाले, “व्हय, काका.”