अक्कांनी भरलेले चाळीस फॉर्म

धुळ्याहून जळगावला जाताना मी बसमध्ये खिडकीची जागा धरते, म्हणजे एकाच बाजूच्या माणसाशी बोलावं लागतं. पीएचडीचं पाचवं वर्ष. विषय, कामाच्या जागचं नेतृत्व आणि संस्थेचा विकास. नातेवाइकांनी विचारलं तर ‘मॅनेजमेंट’ म्हणून मोकळी होते.

तिथल्या एका डाळमिलमध्ये डाळ निवडणाऱ्या चाळीस बायकांकडून प्रश्नावली भरून घ्यायची होती. फॉर्म मी आठवडाभर आधी नेऊन ठेवले होते, बायकांच्या नजरेखालून जावेत म्हणून. प्रश्न इंग्रजीतले, मराठी माझं. ‘माझे वरिष्ठ माझं मत ऐकून घेतात’ वगैरे. पूर्ण असहमतपासून पूर्ण सहमतपर्यंत पाच चौकोन.

त्यांच्या मुकादम बाईंना सगळ्या अक्का म्हणतात. त्या दारातच भेटल्या आणि गठ्ठा माझ्या हातात दिला.

“बठ्ठा फॉर्म भरी टाकात मी. तुना फेरा वाचना.”

माझा फेरा वाचवला होता त्यांनी. सगळीकडे एकच निळं पेन. चाळीसही फॉर्मवर पूर्ण सहमत, खुणा सुबक, एकीखाली एक. राग यायला हवा, एवढं कळलं. आला नाही. “धन्यवाद, अक्का,” मी म्हणाले.

“ताई पुस्तकनी मराठी बोलस,” आतून कुणीतरी म्हणालं आणि बाकीच्या हसल्या.

गाईड सरांना मी फॉर्म कुणी भरले ते सांगितलं. त्यांनी गठ्ठा चाळला.

“सगळे भरलेत ना? मुदतवाढ एकदा मिळाली, दुसरी मिळणार नाही. डेटा टाका आणि चॅप्टर लिहायला घ्या.”

घरी लॅपटॉपवर टाकायला बसले. पूर्ण सहमतचे पाच गुण. पाच, पाच, पाच. अकराव्या फॉर्मला थांबले. काही ठरवलं नव्हतं. चहा गार झाला होता, तो प्याले आणि लॅपटॉप मिटला.

पुढच्या आठवड्यात कोरे फॉर्म घेऊन परत गेले. प्रत्येकीला मीच विचारते, असं अक्कांना सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला.

“चुकीचं लिखं का मी?”

“नाही. नियम आहे,” मी म्हणाले. असा नियम खरंच आहे, पण माझ्या तोंडून तो खोटा वाटला. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि बाहेर जाऊन उभ्या राहिल्या.

पहिली बाई समोर येऊन बसली. मी प्रश्न वाचला. ती दाराकडे बघत होती.

“अक्कानी काय लिखेल शे?”

“ते राहू द्या. तुम्हाला काय वाटतं?”

“माले कामले तिनीच लायेल शे,” ती म्हणाली. “तिनी लिखं तेच लिख ना, ताई.”

मी पाचही चौकोन कोरे ठेवले आणि तिचं बोलणं खाली जसंच्या तसं लिहून घेतलं. सरांच्या तक्त्यात त्याला रकाना नाही. मुदत संपायला दोनच महिने उरले होते, हे त्या वेळीही माहीत होतं.

मग पुढच्या बाईला बोलावलं.