शेवटच्या रिटर्नची पोच

मुन्शीचाचा सहीशिवाय कागद हातातून सोडत नसत. माझ्या ऑफिसातला पेपर वाचायला नेला, तरी टेबलावर चिठ्ठी ठेवून जात: ‘पेपर नेला आहे, दुपारी परत.’ आणि दुपारी पेपर खरंच परत येई.

शहरातल्या छावणी भागात खेड्यांतल्या मुलींसाठी एका ट्रस्टचं वसतिगृह होतं. चाचा तिथले जुने कारकून, मूळचे पिशोर गावचे. मी करसल्लागार, पण कागदाचं काम करणारा प्रत्येकजण त्यांच्या लेखी वकील. जावक वहीवर बोट ठेवून म्हणत, "वकीलसाब, पहले पोच."

"चाचा, चहा पाजला तर त्याचीही सही घ्याल."

"चहा पोटात गेलेला कळतो, साब. कागद गेला तर कुठं हुडकू?"

मुली येईनाशा झाल्या, तेव्हा ट्रस्ट बंद करायचं ठरलं. शिल्लक पैसा कन्नड गावातल्या दुसऱ्या वसतिगृहाला द्यायचा होता. त्याआधी शेवटचं रिटर्न भरायचं होतं. चाचांनी सगळे कागद वेळेत आणून दिले. काम धर्मादाय, म्हणजे फुकटातलं. पैसेवाल्यांच्या फायली मी वर ठेवल्या, ही खाली गेली. मुदत टळली, करमाफी गेली, आणि कन्नडच्या मुलींच्या वाट्यातला बराच पैसा करात गेला.

ट्रस्टच्या बैठकीत मी म्हणालो, "कागद उशिरा आले."

अध्यक्ष अण्णा चाचांकडे वळले. "मुन्शी, उभी हयात कागदात गेली आन् शेवटच्याच कागदाला झोपलात व्हय?"

चाचा समोरच बसले होते. वही मांडीवर होती. ते एवढंच म्हणाले, "उमर झाली, अण्णा."

बैठक संपल्यावर मी चाचांच्यामागे जिन्यापर्यंत धावलो. त्यांनी वही उघडली. माझीच सही, खाली तारीख, मुदतीच्या दोन महिने आधीची.

"दाखवली का नाही?"

"दाखवली असती तर तुम्हाला कागद कोण देईल? तुमचं दुकान नवंय. माझं तर आजच बंद झालं."

"उद्या अण्णांना सांगतो."

"सांगा. घाई नाय," असं म्हणून ते कठड्याला धरून सावकाश उतरले.

तेव्हा मी तिशीत होतो. आता पन्नाशी उलटली. इतकी वर्षं लोक मला विश्वासाचा माणूस म्हणतात, आणि प्रत्येक वेळी मला तो जिना दिसतो. एवढा मोठा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

गेल्या वर्षी चाचा गेले. कब्रस्तानात माती देऊन बाहेर आलो, तर अण्णा फाटकाशी थांबलेले. म्हणाले, "लई भला माणूस. शेवटी तेवढा ढिला पडला."

मी होकारार्थी मान हलवली.

अण्णा आता पुंडलिकनगरला मुलाकडे असतात. नजर अधू झाली आहे, म्हणून हे लिहिलेलं त्यांना मीच वाचून दाखवणार आहे. कागद वेळेत आले होते, अण्णा. उशीर मी केला.