जांभळ्या स्लीव्हमधले दोन सेल

आमच्याच तालुक्यातून आलेल्या आणि इथे दोह्यात, अल थुमामात राहणाऱ्या एका माणसाने मला फसवलं. व्हेपमध्ये, म्हणजे ई-सिगारेटमध्ये, घालायचे जुने, संपलेले सेल त्याने नवे म्हणून माझ्या हातात दिले. भोगलं मात्र माझ्या बायकोने.

मी एसीच्या कामातला. दोह्यात आलो तेव्हा दुसऱ्याच्या शिडीखाली उभा राहून पाने-पकडी द्यायचो, आज माझे चार टेक्निशियन आणि एक व्हॅन आहे. जुन्या कपॅसिटरवर नवं लेबल लावून विकतात, हे मी पहिल्याच उन्हाळ्यात शिकलो. तेव्हापासून कुठलीही वस्तू आधी उलटी करून बघायची सवय लागली. असला एक अख्खा खोका मी दुकानदाराच्या काउंटरवर आपटून परत केला आहे. म्हणून पुढचं लिहिताना जास्त राग येतो.

सिगारेट सोडायची म्हणून व्हेप घ्यायचं ठरवलं. तो इथे विकायला बंदी आहे आणि ते मला पक्कं ठाऊक होतं. दुकान नाही, बिल नाही. कुणीतरी सुट्टीवरून येताना आणतं आणि घरातून विकतं. हाही तसाच विकायचा. मी अर्धा तास घासाघीस केली आणि शेवटी म्हणालो, "सेलची एक जोडी वर टाक, तर घेतो."

"भाऊ, तुम्ही मला विकून खाल," तो हसत म्हणाला. "घ्या. यल्ला, खलास."

आतल्या खोलीतून त्याने जांभळ्या स्लीव्हमधले, म्हणजे प्लॅस्टिकच्या पातळ सालीतले, दोन सेल आणले. एकाच्या कडेला स्लीव्हला बारीक सुरकुती होती. कारखान्यात आवळलेल्या स्लीव्हला अशी सुरकुती नसते. आमचे टेक्निशियन वायरच्या जोडावर प्लॅस्टिकची नळी चढवून हीटगनने आवळतात, तिला असते. मला ती दिसली. पण सौदा मी जिंकलो होतो, म्हणून विचारलं नाही.

आम्ही मदिनत खलीफात एका व्हिलाच्या मागच्या भागात राहतो. बायको घरी ब्लाउज शिवते. ती मूळची मालवणची, रागावली की मालवणीत शिरते. घरात ओढायचं नाही, असं मी तिला वचन दिलं होतं. नवी जोडी व्हेपमध्ये घातली त्याच आठवड्यात तिचा फोन आला.

"ओढायची तर अंगणात जावन ओढा. खोलीत पुदिन्याचो वास भरलो हा."

"मी अल खोरला आहे. सकाळपासून छतावर."

"मगे हय कोण ओढता?"

मी चिडलो. तुला भास होतो, म्हणालो. तिचा आवाज एकदम खाली आला. "माका खोटारडी म्हणतास? घरात कोण तरी असा."

मी फोन ठेवला. पुदिन्याच्या लिक्विडचा व्हेप सकाळी घरीच विसरला होता, हे मला त्यानंतर आठवलं.

शुक्रवारी दुपारी मी स्वतः पाहिलं. गल्लीतली माणसं नमाजाला गेली होती, बाहेर गाडीचाही आवाज नव्हता. बायको अंघोळीला गेली होती. मी शिवणाच्या खोलीच्या दारात आलो आणि थांबलो. फळीवर उभ्या ठेवलेल्या व्हेपचा दिवा लागला होता. त्याच्या तोंडातून पांढरी वाफ सावकाश वर येत होती. कुणीतरी तिथे बसून निवांत श्वास सोडावा तशी. ती हँगरवरच्या ब्लाउजांच्या रिकाम्या बाह्यांत शिरली आणि बाह्या जरा हलल्या. एसीचा वारा असेल. दिवा विझला. मी आत जायला निघालो. तेवढ्यात तो परत लागला.

मी विजेच्या कामात आयुष्य काढलेलं आहे, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तरी त्या खोलीत पाऊल टाकायला मला वेळ लागला.

मी त्या माणसाला फोन केला. "बटणाखाली लिक्विड गेलं असेल," तो म्हणाला. "बटण पाच वेळा दाबा, बंद होतो."

पाच वेळा दाबलं. बंद झाला. तासाभराने हात लावला तर बंद व्हेप तापाच्या अंगासारखा गरम होता. दोन्ही सेल बाहेर काढले. एकाची स्लीव्ह कडेला फाटली होती आणि त्या फटीतून खाली दुसरी, जुनी, करडी स्लीव्ह दिसत होती. म्हणजे एका सालीवर दुसरी साल चढवली होती.

"फेकून द्या," बायको म्हणाली.

मी का फेकू? फेकले तर तो म्हणणार, कुठले सेल, कसले सेल! त्याच्या तोंडावर टाकून नवे घ्यायचे होते मला. मी दोन्ही एका फडक्यात गुंडाळले, स्टीलच्या डब्यात घालून झाकण दाबून बसवलं आणि डबा शिवणाच्या खोलीतल्या फळीवर ठेवला. आग लागलीच तर डब्यात कोंडून राहील, असा माझा हिशोब. घट्ट डब्यात ती कोंडली की काय होतं, हा विचार माझ्या डोक्यात आला नाही. तो माझा दोष, तो मी कुणावर ढकलत नाही.

तीन दिवस तो मला टोलवत राहिला. आज संध्याकाळी, इन्शाल्ला. उद्या नक्की, भाऊ. सोमवारी जेवायला घरी आलो तेव्हा पुढच्या खोलीतून मी त्याला फोनवर झापत होतो. आतून शिलाई मशीनचा आवाज येत होता. तो थांबला.

"अहो," बायकोने हाक मारली. "डब्यात काय तरी टकटकता."

मी हाताने थांब अशी खूण केली. ती आतल्या खोलीत होती, तिला खूण कशी दिसणार? डब्याशेजारी लोकांचे शिवायला आलेले रेशमी कपडे होते. ते जळू नयेत म्हणून तिने डबा उचलला.

स्फोटाचा आवाज मोठा होता, पण लक्षात राहिली ती त्यानंतरची शांतता. धुरातून ती बाहेर आली, उजवा हात समोर धरून. तो हात आपला नसल्यासारखी ती त्याच्याकडे बघत होती. माझ्या कानाला फोन तसाच होता. पलीकडून तो विचारत होता, "काय पडलं, भाऊ? काय पडलं?" मी सांगण्याआधी फोन कटला.

हॉस्पिटलमध्ये विचारलं तेव्हा मी टॉर्चचा सेल फुटला असं सांगितलं. बंदीची वस्तू घरात होती, दुसरं काय सांगणार होतो? उजेड असतानाच आम्ही परतलो. आवाज ऐकून आलेल्या शेजाऱ्याने न फुटलेला दुसरा सेल अंगणातल्या वाळूत टाकला होता, काळा पडून शांत झालेला. आम्ही फाटकातून आत आलो आणि वाळूतून फुस्स असा आवाज आला. धुराची एक बारीक रेघ वर आली. बायको माझ्या मागे सरकली. विझून कितीतरी वेळ झाला होता त्याला.

दुसऱ्या दिवशी चिमट्याने उचलून पाहिला. एका टोकाला वेल्डिंगचे दोन बारीक ठिपके होते. सुट्या विकायच्या नव्या सेलवर ते नसतात. अनेक सेल जोडून लॅपटॉपच्या बॅटरीसारखा पॅक बांधतात तेव्हाच ते पडतात. कुणाच्या तरी लॅपटॉपमध्ये हा सेल आपलं आयुष्य संपवून आला होता.

तिचा अंगठा आणि शेजारचं बोट अजून बधिर आहेत. सुईत दोरा ओवता येत नाही. लोकांचे कपडे तिने तसेच परत केले. मला ती एका शब्दाने बोलली नाही. फक्त एकदा विचारलं, "त्याच्याकडे अजून किती असतले?"

त्या दिवसापासून त्याचा नंबर बंद आहे. खोलीही बदललीय. तक्रार कुठे करू? बिल नाही, वस्तूच बंदीची. ते ओळखूनच तो धंदा करतो. पण आपली माणसं असं लिहिलेलं फोनवर एकमेकांना पाठवतात, म्हणून हे तुझ्यापर्यंतही पोचेल. तू तो आवाज ऐकलास. काय पडलं, असं तूच विचारलंस. तर ये, तिच्यासमोर बस आणि तिच्या हाताकडे बघत सांग: ते सेल कशातून काढलेस, नवी साल कुणी चढवली, आणि त्यातले आणखी कुणाकुणाच्या घरात ठेवून आलास?